जपान, थोडं रेल्वेने आणि थोडं जहाजाने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाइडसोबत आठवडाभर जमिनीवरचं जपान आणि त्याला जोडून आठवडाभराची क्रूझ, या सहलीबद्दल फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. ब्रोशरमध्ये जे छापलेलं नसतं त्यावर मुद्दाम जास्त लिहिलं आहे. व्हिसाचे नियम आणि दर बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याआधी ते एकदा ताजे तपासून घ्यावेत.

नुसती जमिनीवरची सहल पुरत नाही का? क्रूझ कशाला जोडायची?

पुरते. पहिल्यांदाच जाताय आणि हातात आठच दिवस आहेत, तर टोकियो, हाकोने, क्योटो, नारा, हिरोशिमा एवढंच करा आणि जहाजाचा विचार सोडून द्या.

बारा-चौदा रात्री मिळत असतील तर मात्र जहाज जरूर घ्या. जपानचा बहुतेक भाग डोंगराळ आहे. माणसं, भातशेती, गावं किनाऱ्यालगतच्या पट्ट्यांत दाटलेली आहेत. 2023 साली बेटं नव्याने मोजली तेव्हा संख्या 14,125 निघाली. अशा देशात शेकडो वर्षं माल समुद्रानेच फिरला. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) आणि पुढे मेइजी काळातही ‘कितामाएबुने’ नावाची व्यापारी गलबतं उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरून हेरिंग मासे आणि कोंबू, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या जाड पट्ट्या, भरून पश्चिम किनाऱ्याने ओसाकापर्यंत यायची. परतताना तांदूळ, मीठ, कापड न्यायची. क्योटोच्या स्वयंपाकातला तो नाजूक रस्सा ज्या कोंबूवर उभा आहे, तो क्योटोजवळ कुठेच उगवत नाही. तो या गलबतांनी आणला.

आजची जपान समुद्रातली क्रूझ साधारण त्याच किनाऱ्याने जाते. क्योटोत तो रस्सा प्यायलेला माणूस आठवड्याभराने होक्काइदोतल्या हाकोदाते बंदराच्या सकाळच्या बाजारात कोंबूचे गठ्ठे बघतो, तेव्हा क्योटो ही जुनी राजधानी आणि किनारा यांचं नातं त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. टोकियो-क्योटो-ओसाका या गर्दीच्या पट्ट्यात हे दिसत नाही, आणि रेल्वेने ही सगळी बंदरं गाठायची तर रोज बॅग भरावी लागते.

आधी जमीन की आधी जहाज?

आधी जमीन. जमिनीवरच्या सहलीत चालणं खूप असतं, ते ताज्या पायांनी उरकावं. शिवाय विमानाला उशीर झाला तर हॉटेल थांबतं, जहाज थांबत नाही. क्रूझच्या दिवशीच सकाळी टोकियोत उतरणारं विमान कधीही घेऊ नका.

एकूण किती दिवस काढावेत?

जमिनीवर पाच-सहा रात्री, जहाजावर सात ते नऊ. त्यापेक्षा कमी असेल तर दोन्हींतलं एक निवडा.

जपान सुरक्षित आहे, स्टेशनांवर इंग्रजी पाट्या आहेत. मग गाइड कशासाठी?

रस्ता सापडायला गाइड लागत नाही हे खरं. गाइड लागतो तो समोर काय आहे हे कळायला. भारतीय माणसाला तर जास्तच, कारण जपानी मंदिरांत आपल्या ओळखीचे इतके चेहरे आहेत की कुणी बोट दाखवलं नाही तर आपण त्यांच्या शेजारून निघून जातो.

क्योटोचं सांजुसांगेंदो घ्या. सुमारे 120 मीटर लांबीचा लाकडी सभामंडप, आत्ताची वास्तू 1266 सालची. आत कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, 1001 मूर्ती. मधली मोठी मूर्ती बसलेली आणि दोन्ही बाजूंना रांगांत उभ्या हजार. बहुतेक लोक ते सोनेरी अरण्य बघतात आणि पुढे सरकतात. त्या रांगांच्या पुढे रक्षक देवतांच्या अठ्ठावीस मूर्ती आहेत, त्यांच्यापुढे थांबा. पंख आणि चोच असलेला, बासरी वाजवणारा कारुरा म्हणजे गरुड. बोंतेन म्हणजे ब्रह्मा, ताइशाकुतेन म्हणजे इंद्र. काठी टेकत उभा असलेला हाडकुळा म्हातारा ऋषी तर इतका आपला वाटतो की त्याच्यासमोरून पाय निघत नाही. आत फोटो काढायला बंदी आहे. आम्हाला ती बरी वाटते, माणसं डोळ्यांनी बघतात.

नाराच्या तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाचे नेत्रोन्मीलन 752 साली झाले, आणि बुद्धाच्या डोळ्यांत बुबुळं रेखण्याचा मान भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्षूला मिळाला. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या हातात धरल्या होत्या, म्हणजे डोळे उघडण्याचं पुण्य सगळ्यांना मिळावं. तो कुंचला आणि ती दोरी आजही नाराच्या शोसोइन भांडारात जपून ठेवलेली आहे. ही गोष्ट माहीत नसेल तर पंधरा मीटर उंचीची एक प्रचंड मूर्ती आणि बाहेर बिस्किटं मागणारी हरणं, एवढंच नारा लक्षात राहतं.

टोकियोत गणपतीही आहे. आसाकुसाजवळच्या मात्सुचियामा शोदेन मंदिरात कांगितेन रूपातल्या गणेशाची पूजा होते. मूर्ती लोकांना दाखवत नाहीत. नैवेद्य मुळ्याचा असतो. मंदिरातच पांढरेशुभ्र, हाताएवढे जाड मुळे विकायला ठेवलेले असतात, भक्त ते वाहतात, आणि वाहिलेले मुळे नंतर प्रसाद म्हणून लोक घरी नेतात. सेन्सोजी मंदिराच्या गर्दीतून हे ठिकाण चालत पंधरा-एक मिनिटांवर आहे, तरी बहुतेक टूरच्या कार्यक्रमात नसतं. गाइडला आधी सांगून ठेवा.

कोयासानला एक रात्र घालवावी का?

जमत असेल तर नक्की. कुकाई या भिक्षूने 816 साली स्थापन केलेलं हे डोंगरावरचं मठांचं गाव आहे. पन्नासच्या आसपास मठांत मुक्कामाची सोय आहे. पहाटेची प्रार्थना, चटईवरची झोप, आणि पूर्ण शाकाहारी जेवण. ओकुनोइनच्या स्मशानभूमीतून जाणारी उंचच उंच देवदारांखालची वाट संध्याकाळी चालावी, दिवे लागतात तेव्हा. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी आणखी एक कारण म्हणजे कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. त्याचं अनावरण 2015 साली झालं.

ओसाकाहून वर जायला रेल्वे आणि मग केबल कार, असे दोन-अडीच तास जातात. मोठी बॅग सोबत घेऊन जाऊ नका.

फुजी पर्वत दिसेल ना?

सांगता येत नाही, आणि दिसेलच अशी हमी कुणी देत असेल तर त्याच्या बाकीच्या आश्वासनांकडेही सावधपणे बघा. 3,776 मीटरचा हा डोंगर उन्हाळ्यात दिवसच्या दिवस ढगात असतो. हिवाळ्यात आणि सकाळी लवकर दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त. म्हणून कार्यक्रमात फुजीला एकच संधी ठेवू नये. एक हाकोने किंवा कावागुचिको इथे मुक्काम करून सकाळी. दुसरी शिनकान्सेनमधून, म्हणजे बुलेट ट्रेनमधून, टोकियोहून क्योटोकडे जाताना उजव्या खिडकीतून, निघाल्यावर साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी, शिन-फुजी स्टेशनच्या आसपास. सामान्य डब्यात उजवीकडची खिडकी म्हणजे ई अक्षराची सीट, आरक्षण करताना तीच मागा. तिसरी संधी, जहाज शिमिझु बंदराला लागत असेल तर, समुद्रातून. बंदरात शिरताना पहाटे डेकवर उभं राहा. समोर पाणी आणि त्यावर फुजी, अशी चौकट तिथून मिळते.

क्रूझचा कोणता मार्ग निवडावा?

बहुतेक जहाजं योकोहामा किंवा टोकियोहून सुटून तिथेच परततात. ढोबळपणे तीन फेऱ्या असतात.

पहिली जपान समुद्राची, म्हणजे हाकोदाते, आओमोरी किंवा अकिता, कानाझावा, साकाइमिनातो आणि मध्ये बुसान. आमची पसंती हिला. हाकोदातेला गोर्योकाकु हा चांदणीच्या आकाराचा किल्ला आहे, एकोणिसाव्या शतकात युरोपीय पद्धतीने बांधलेला. तिथला चेरीचा बहर एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला येतो, म्हणजे टोकियोचा हुकला तरी इथे गाठता येतो. कानाझावाचं केन्रोकुएन उद्यान हिवाळ्याच्या तोंडावर बघावं. 1 नोव्हेंबरपासून माळी पाइनच्या झाडांना बर्फाचं ओझं पेलावं म्हणून वरून खाली दोऱ्या बांधायला घेतात, प्रत्येक फांदीला एक दोरी. जपानमध्ये तयार होणारा जवळपास सगळा सोन्याचा वर्ख याच शहरात बनतो. कारागिरांच्या दुकानात बसून वर्ख उचलून चिकटवायला शिकवतात. श्वास जरा जोरात सोडला तरी तो उडतो.

साकाइमिनातो हे नाव कुणाला आकर्षक वाटत नाही आणि लोक तिथे जहाजावरच थांबतात. तसं करू नका. तिथून मात्सुए किल्ल्याला जाता येतं. त्याचा लाकडी मनोरा 1611 चा आहे, आणि जपानभरात असे मूळचे मनोरे फक्त बाराच उरले आहेत. आदाची कलासंग्रहालयाची बाग तर खिडकीच्या चौकटीतून चित्र म्हणून बघण्यासाठीच रचलेली आहे. बागेत पाऊल ठेवायला परवानगी नाही, आणि ते योग्यच वाटतं.

दुसरी फेरी क्युशूची, नागासाकी आणि कागोशिमा. नागासाकीत जहाज शहराच्या अगदी कुशीत लागतं. उतरून चालत ओउरा चर्च, मग ट्रामने देजिमा, जिथे 1641 पासून दोनशेहून अधिक वर्षं डच व्यापाऱ्यांना एका छोट्या कृत्रिम बेटावर ठेवलं होतं, आणि मग शांतता उद्यान. टूर न घेता स्वतः फिरायला हे सगळ्यात सोपं बंदर. कागोशिमाला समोरच साकुराजिमा ज्वालामुखी धुमसत असतो. तो पूर्वी बेट होता, 1914 च्या उद्रेकातल्या लाव्हाने जमिनीला जोडला गेला. राखेचा दिवस असेल तर चष्मा आणि रुमाल लागतो.

तिसरी फेरी ऑगस्टमधल्या उत्सवांची. आओमोरीचा नेबुता 2 ते 7 ऑगस्ट, अकिताचा कांतो 3 ते 6 ऑगस्ट, तोकुशिमाचा आवा ओदोरी महिन्याच्या मध्याला. कांतोमध्ये 46 कंदील लावलेला, सुमारे 12 मीटर उंच आणि 50 किलो वजनाचा बांबू माणूस तळहातावर, कपाळावर, खांद्यावर, कमरेवर तोलतो. बांबू वाकतो, कंदील डुलतात, आणि गर्दी एका सुरात ओरडते. ढोल-ताशाच्या मिरवणुकांत वाढलेल्या माणसाला इथे परकं वाटणार नाही. उकाडा मात्र भरपूर असतो, आणि या फेऱ्या लवकर भरतात.

आमच्या जहाजाच्या यादीत क्योटो, टोकियो, फुजी सगळं आहे. मग जमिनीवरची सहल वेगळी कशाला?

यादीत कंसात काय लिहिलंय ते बघा. क्योटोला समुद्र नाही. जहाज ओसाका, कोबे किंवा माइझुरुला लागतं, आणि माइझुरुहून बसने क्योटो सुमारे दोन तास. फुजी म्हणजे शिमिझु. टोकियो म्हणजे पुष्कळदा योकोहामा. जहाज सकाळी सात-आठला लागून संध्याकाळी पाच-सहाला सुटतं. त्यातून जाण्यायेण्याचे चार तास वजा केले तर क्योटोला पाच-सहा तास उरतात, तेही भर दुपारचे. क्योटो सकाळी सात वाजता आणि रात्री आठनंतर बघायचं शहर आहे. फुशिमी इनारी देवस्थानाच्या लाल तोरींखालून, म्हणजे लाकडी कमानींखालून, दुपारी अकराला चालणं आणि सकाळी साडेसहाला चालणं यांत फार फरक आहे. त्यासाठी मुक्कामच हवा.

योकोहामात कुठे चढायचं?

तिकिटावर टर्मिनलचं नाव बघा. योकोहामा बे ब्रिजखाली पाण्यापासून सुमारे 55 मीटर जागा आहे. त्यापेक्षा उंच जहाजं पुलाच्या अलीकडे दाइकोकु धक्क्याला लागतात, बाकीची बहुतेक शहरातल्या ओसानबाशीला. टोकियोचं स्वतःचं क्रूझ टर्मिनल 2020 मध्ये सुरू झालं. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘क्रूझ’ सांगून भागत नाही.

व्हिसा एकदाच प्रवेशाचा चालेल का?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला फक्त जपानी बंदरांमध्ये प्रवासी फिरवता येत नाहीत, म्हणून अशा क्रूझमध्ये एक परदेशी बंदर घालतात. बहुतेकदा ते दक्षिण कोरियातलं बुसान असतं. तुम्ही जहाजातून खाली उतरा किंवा उतरू नका, जहाज बुसानला गेलं की तुम्ही जपान सोडलेलं असतं, आणि पुढच्या जपानी बंदरात तुमचा पुन्हा प्रवेश होतो.

भारतात राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांना 2024 पासून पर्यटनासाठी जपानचा ई-व्हिसा मिळतो. तो एकाच प्रवेशाचा असतो, जास्तीत जास्त 90 दिवसांसाठी. ‘विमानाने आत, जमिनीवर सहल, जहाजाने बुसान, जहाजाने परत’ या कार्यक्रमाला तो पुरेल असं धरून चालू नका. अर्ज करतानाच क्रूझचा मार्ग जोडा आणि दोन किंवा अधिक प्रवेशांचा व्हिसा मागा. कोरियासाठी वेगळं काय लागतं, हे क्रूझ कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या, फोनवरच्या ‘काही प्रॉब्लेम नाही’वर विसंबू नका. चढण्याआधी कंपनी कागद तपासते, आणि ते अपुरे निघाले तर धक्क्यावरूनच परत फिरावं लागतं.

परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींनी पासपोर्ट भारतीय असेल तर आपण राहतो त्या देशातल्या जपानी वकिलातीचे नियम बघावेत. एकाच कुटुंबात दोन देशांचे पासपोर्ट असतील तर प्रत्येकाचं वेगळं तपासा.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहावं लागेल का?

नाही, पण तयारी लागते. अडचण मांसाची नाही, ते दिसतं. अडचण दाशीची आहे. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचा मूळ रस्सा. तो बहुतेक ठिकाणी कोंबू आणि कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून किसलेला बोनिटो मासा, यांचा करतात. मिसो सूप, उदोनचं पाणी, उकडलेली भाजी, टेम्पुराबरोबरची वाटी, सगळीकडे तो असतो. भाजीची डिश मागवली म्हणजे ती शाकाहारी आली असं नाही. तयार जपानी करीच्या वड्यांमध्येही प्राण्यांची चरबी असू शकते.

मांस, मासे, कात्सुओबुशी आणि त्यांचा रस्सा नको, असं जपानीत छापलेलं कार्ड प्रत्येकाच्या खिशात असू द्या. वेटरला तोंडी समजावण्यापेक्षा ते स्वयंपाकघरात आत नेऊन दाखवणं त्याला सोपं जातं. कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानांत, उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, घातलेला भाताचा गोळा, भाजलेली रताळी, केळी, दही मिळतं. बौद्ध मठांचं शोजिन र्योरी हे जेवण मांस-मासे, कांदा आणि लसूण यांच्याशिवाय असतं आणि तोफूचे किती प्रकार होतात ते तिथे कळतं. जैन मंडळींनी लक्षात घ्यावं की त्यात मुळा, कमळकाकडी, गोबो अशी कंदमुळं असतात.

टोकियोत निशी-कासाई भागात भारतीय वस्ती मोठी आहे, किराणा आणि जेवण दोन्ही मिळतं. मराठी मूळ असलेले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले, तो हाच प्रभाग. शिंजुकूच्या नाकामुराया या जुन्या पेढीने 1927 पासून भारतीय करी विकायला घेतली, ती क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्यामुळे. ती करी कोंबडीची असते, पण इतिहास ठाऊक असावा.

मोठ्या आंतरराष्ट्रीय जहाजांवर हा प्रश्न फार सोपा होतो. शाकाहारी पदार्थ रोज असतात, भारतीय जेवण आधी सांगून मिळतं. जैन जेवण बुकिंगच्या वेळीच नोंदवा आणि चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी मुख्य वाढप्याला भेटून पुन्हा सांगा.

घरून खाऊ नेता येतो का?

चिवडा, शंकरपाळी, चकल्या, खाकरा, मेतकूट असले पाकीटबंद कोरडे पदार्थ न्या. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता नेऊ नका. मांसाचे पदार्थ कोणत्याही रूपात चालत नाहीत. कच्चे तांदूळ, डाळी, बिया यांना वनस्पती तपासणी लागते, त्या भानगडीत पडू नका.

औषधांचं काय?

सर्दीच्या आणि खोकल्याच्या काही औषधांत स्यूडोएफेड्रिन किंवा कोडीन असतं. ती ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असलेली औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत. डॉक्टरांनी दिलेली नेहमीची औषधं एक महिन्यापेक्षा जास्त पुरतील इतकी न्यायची असतील तर आधी परवाना काढावा लागतो. सगळ्या गोळ्या मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत.

र्योकान आणि ओन्सेन जमेल का? लाज वाटते.

र्योकान म्हणजे पारंपरिक जपानी निवास. दारात पादत्राणं, तातामीच्या चटईवर फक्त मोजे किंवा अनवाणी, संडासासाठी वेगळ्या सपाता. आपल्याला यातलं फारसं नवीन नाही. रात्रीचं जेवण ठरलेल्या वेळी, बहुधा सहा-सातला, छोट्या छोट्या पात्रांत येतं. उशीर केला तर स्वयंपाकघराचा सगळा क्रम बिघडतो, म्हणून वेळ पाळा.

ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या सामायिक स्नानगृहात, कपडे अजिबात चालत नाहीत. स्त्री-पुरुषांच्या जागा वेगळ्या असतात. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ, मग कुंडात उतरायचं. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवतात. कुणी कुणाकडे बघत नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. तरीही नको वाटत असेल तर तासाच्या हिशेबाने खाजगी कुंड मिळतं. टॅटू असेल तर आधी विचारा, अनेक ठिकाणी मनाई आहे. नागासाकीत बांधलेल्या डायमंड प्रिन्सेससारख्या जहाजावर जपानी पद्धतीचं स्नानगृह जहाजातच आहे.

मोठ्या बॅगा घेऊन रेल्वेत कसं चढायचं?

चढूच नका. हॉटेलच्या काउंटरवरून बॅग कुरिअरने पुढच्या हॉटेलात पाठवता येते, साधारण दुसऱ्या दिवशी पोचते. तुम्ही एका रात्रीचे कपडे घेऊन मोकळे. तोकाइदो-सान्यो मार्गावरच्या शिनकान्सेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंमीपेक्षा मोठ्या बॅगेसाठी जागा राखून ठेवावी लागते. जपान रेल पासची किंमत ऑक्टोबर 2023 मध्ये खूप वाढली, सात दिवसांचा साधा पास 50,000 येन झाला. टोकियो ते हिरोशिमा एकदाच जाणार असाल तर सुटी तिकिटं स्वस्त पडतात.

मला बोट लागते. काय करू?

जहाजाच्या मध्यभागातली, खालच्या मजल्यावरची केबिन घ्या. तिथे हेलकावे कमी. जपान समुद्र हिवाळ्यात खवळतो, वसंतात आणि ऑक्टोबरमध्ये बराच शांत असतो. सेतो अंतर्गत समुद्रातून जाताना बेटांच्या आडोशाने पाणी तळ्यासारखं असतं. गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यायची. मळमळायला लागल्यावर डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघा, मोबाइलकडे नको.

टायफून आला तर?

ऑगस्ट-सप्टेंबर हा त्यांचा मुख्य काळ. कप्तान मार्ग बदलतो किंवा एखादं बंदर गाळतो, त्यावर वाद घालता येत नाही. प्रवास विमा घ्या.

कोणता महिना चांगला?

टोकियो-क्योटोत चेरी मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला. क्योटोची लाल मेपलची पानं नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. या दोन्ही वेळी दर आणि गर्दी शिगेला असते. आमचं मत विचाराल तर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा, किंवा गोल्डन वीकची, म्हणजे एप्रिलअखेर ते 5 मेपर्यंतची, सुट्टी संपल्यानंतरचा मे. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा असतो, पण आपल्याला त्याचं भय नसावं. ओल्या शेवाळाच्या बागा आणि निळीजांभळी अजिसाइची (हायड्रेंजियाची) फुलं तेव्हाच बघायला मिळतात. एप्रिलअखेर ते 5 मे आणि ऑगस्टचा मध्य या काळात सगळा जपान प्रवासाला निघालेला असतो, तेव्हा जमिनीवरची सहल टाळा.

सत्तरीच्या आई-वडिलांना झेपेल का?

जहाज तर त्यांच्यासाठीच चांगलं, पण जमिनीवर रोज दहा-पंधरा हजार पावलं होतात. स्टेशनांत लिफ्ट असते, मात्र ती लांबच्या टोकाला असते. देवळांच्या आवारात खडी अंथरलेली असते, त्यावर व्हीलचेअर रुतते. आम्ही सुचवू तो मार्ग असा: दिवसाला दोनच ठिकाणं, एक सकाळी आणि एक दुपारी उशिरा, मध्ये हॉटेलात विश्रांती. फुशिमी इनारीला वरपर्यंत जायचा हट्ट नको. योत्सुत्सुजीच्या फाट्यापर्यंत गेलात तरी क्योटो दिसतं, आणि खालच्या पहिल्या शंभर तोरींतही ती जागा भेटते. मोठ्या ग्रुपमध्ये झेंड्यामागे धावण्यापेक्षा दहा-बाराजणांचा ग्रुप वडीलधाऱ्यांना मानवतो, जरा महाग पडला तरी.

हिरोशिमाला लहान मुलांना न्यावं का?

शांतता उद्यान आणि अणुबॉम्ब घुमट कुठल्याही वयाला दाखवावा. 6 ऑगस्ट 1945, सकाळी 8 वाजून 15 मिनिटं, एवढं सांगून पुरतं. संग्रहालयातल्या वस्तू मात्र फार जवळून भिडतात. शाळकरी मुलांचे जळलेले गणवेश आणि जेवणाचे डबे तिथे आहेत. दहा-बारा वर्षांखालच्या मुलाला आत नेण्याआधी पालकांपैकी एकाने बघून यावं.

त्याच दिवशी जवळचं मियाजिमा बेट करा, पण भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून. तिथली समुद्रातली तोरी सुमारे 16 मीटर उंच, आत्ताची 1875 ची. ती खोल पुरलेली नाही, स्वतःच्या वजनावर उभी आहे. वरच्या पोकळ तुळईत दगड भरून वजन वाढवलं आहे. भरतीला ती तरंगल्यासारखी दिसते, ओहोटीला खांबांपर्यंत चालत जाता येतं. दोन्ही बघायचं तर सहा तास बेटावर हवेत.

टिप किती द्यायची?

जमिनीवर कुणालाच नाही, हॉटेलात नाही, टॅक्सीत नाही. जहाजावर उलट, परदेशी कंपन्या दर दिवशी दर माणशी सेवाशुल्क खात्यात टाकतात. क्रूझच्या दराची तुलना करताना हे शुल्क, बंदर कर, वायफाय आणि बंदरावरच्या सहली धरल्यात का ते विचारा.

फोटो काढताना काही बंधनं?

क्योटोच्या गिओन भागातल्या खाजगी गल्ल्यांत 2024 पासून पर्यटकांना प्रवेश बंद आहे, दंडाची पाटी 10,000 येनची आहे. कामाला निघालेल्या माइकोच्या, म्हणजे शिकाऊ गेशेच्या, मागे कॅमेरा घेऊन धावू नका. ती तिच्या कामाच्या वेळेत आहे.

चार्जर, प्लग?

100 व्होल्ट, दोन चपट्या पिना. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर चालतात, आपली इस्त्री आणि पाणी तापवायची कॉइल चालत नाही.

बुकिंग कधी करावं आणि आधी काय विचारावं?

चेरी, मेपल आणि ऑगस्टच्या उत्सवांच्या फेऱ्यांसाठी दहा-बारा महिने आधी. बाकी सहा महिने पुरतात. टूर कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा: प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष जमिनीवर किती तास मिळणार, गाइड जपानमध्ये राहणारा आहे की इथूनच सोबत येणारा टूर मॅनेजर, आणि जमिनीवरची सहल संपून जहाजात चढेपर्यंतची जबाबदारी कुणाची. तिसऱ्याचं उत्तर गोलमोल आलं तर दुसरी कंपनी बघा.